वंगण पातळ लावावे

सोमवारी सकाळी नेमबाजीच्या परीक्षेत ठकूच्या पिस्तुलात गोळीची रिकामी पुंगळी उभी अडकली. एकदा अडकली तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा अडकली तेव्हा शेजारच्या शिपायानं मान वळवली. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा साहेबांनी शिट्टी वाजवली आणि सगळं मैदान गप्प झालं.

गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, झटक्यात मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर उडवते आणि पुढे येता येता नवी गोळी नळीत सरकवते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं. पण स्लाइड पुरती मागे गेली नाही, तर पुंगळी दारातच सापडते, ना घरात ना बाहेर, आणि इवल्याशा धुराड्यासारखी उभी राहते. कारणं दोनच. एक तर हत्यार आळसावलेलं असतं, नाहीतर धरणाऱ्याचं मनगट सैल असतं. मनगट सैल असलं की धक्का हातच पिऊन टाकतो, स्लाइडच्या वाट्याला काही उरत नाही.

साहेबांनी दोनातलं एक कारण जागच्या जागी निवडलं.

"मनगट," ते म्हणाले. "अगं, पिस्तूल आहे ते, चहाचा कप नाही. शुक्रवारी पुन्हा परीक्षा. तेव्हाही असंच झालं तर कमरेचं पिस्तूल जमा करायचं आणि टेलिफोनवर बसायचं."

ठकूनं "हो साहेब" म्हटलं. तिनं पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं. वरच्या घाटातल्या गस्तीसाठी ती दोन वर्षं थांबली होती. गस्तीची यादी शनिवारी लागणार होती, आणि टेलिफोनवर बसलेल्यांची नावं त्या यादीत कधीच नसत.

शस्त्रागार मैदानाच्या कडेलाच होतं. जाड भिंतींची एक खोली, गजांची, काचेची खिडकी, खिडकीला हत्यार देण्या-घेण्यापुरता झरोका. आत लांब टेबल, टेबलाशेजारी दिवसभर धगधगणारी शेगडी, आणि टेबलामागे वहिनी. ती ठकूची वहिनी, थोरल्या भावाची बायको. पण ठकू दिवसातून दहादा "वहिनी" म्हणून हाक मारी, त्यामुळे शिपाई, ड्रायव्हर, झाडूवाला, सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली होती. साहेबसुद्धा रागात नसले की तिला वहिनी म्हणत.

तिच्या आधी एकतीस वर्षं त्या टेबलामागे मामा बसले. सगळ्या मुख्यालयाचे मामा, तिचे मात्र सख्खे. त्यांनीच तिला हे काम शिकवलं, भर उन्हाळ्यात, आणि उन्हाळा सरता सरता ते निवृत्त झाले. मागे ठेवून गेले एक हातभर लांब वही, एक पिवळा डबा, एक काचेची बाटली, आणि शिकवताना गुणगुणलेली एक ओवी:

*चारी रुळांना थेंब, नळीला एक बोट,*
*टाचणीच्या घरी बाई, तेलाला नाही वाट,*
*मॅगझिन असं कोरडं, जसं पुसलेलं ताट.*

टाचणी म्हणजे गोळीच्या पाठीवर टोचणारी सुई. तिच्या घरात तेल शिरलं की तिथे धूळ बसते, चिखल होतो आणि ऐन वेळी सुई मुकी होते. म्हणून ते घर कोरडं. रूळ म्हणजे चौकटीवरच्या त्या चार बोटभर पट्ट्या, ज्यांवरून स्लाइड धावते. तिथे मात्र वंगण हवंच. मॅगझिन म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी. वहिनी ही ओवी म्हणत म्हणत हत्यारं साफ करी, आणि कुणी झरोक्यापाशी आलं की खोकल्याचं सोंग करून गप्प होई.

ठकूचं पिस्तूल त्या सोमवारी तिच्या टेबलावर आलं. तिनं ते खोललं. स्प्रिंग ताणून पाहिली, पुंगळी ओढणाऱ्या नखाला भिंगाखाली धरलं, नळीतून उजेड पाहिला. सगळं जागच्या जागी. पुन्हा जोडलं आणि स्लाइड मागे ओढून सोडली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली आली. दहादा ओढली. दहाही वेळा तशीच.

तपासणीच्या कागदावर एक रकाना होता. तिनं पेन उचललं, क्षणभर थांबली. या रकान्यात जे लिहायचं त्याचं उलटं आपोआप ठकूच्या नावापुढे लिहिलं जाणार होतं. पण खोटं कसं लिहायचं? तिनं लिहिलं, "शस्त्र निर्दोष", आणि खाली सही केली.

घरी त्या दिवशी ठकू जेवायला बसली नाही. पाण्यानं भरलेली दुधाची किटली उजव्या हातात घेऊन, हात खांद्याच्या रेषेत सरळ ताणून ती खिडकीपाशी उभी होती. दादा, म्हणजे ठकूचा भाऊ, बसची पाळी संपवून आला आणि दारातच थबकला.

"ही काय करतेय?"

"मनगट घट्ट करतेय," वहिनी म्हणाली.

"किटली खाली ठेव, ठकू. लहानपणी तू माझे केस धरायचीस ना, अजून तिथे टक्कल आहे. तुझं मनगट सैल आहे म्हणणाऱ्या माणसाला माझ्याकडे पाठव."

ठकू हसली नाही. किटलीतलं पाणी डुचमळत होतं. "साहेबांना दिसलं ते दिसलं, दादा. आणि वहिनीनं हत्यार तपासलं. हत्यारात खोट नाही. मग खोट कुठे राहिली, तूच सांग."

ती हे रागानं म्हणाली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं. ठकू अगदी साधेपणानं म्हणाली, गणित सोडवल्यासारखी, आणि किटली दुसऱ्या हातात घेतली. पहाटे वहिनी पाणी तापवायला उठली तेव्हाही ठकू तशीच उभी. मान खाली घालून ती आपल्याच मनगटाकडे असं बघत होती जसं ते कुणा परक्याचं आहे.

बुधवारी सकाळी गस्तीवरचे दोघे शिपाई परतले. मिशांवर दहिवर गोठलेलं, कान लाल. पहिल्यानं झरोक्यातून पिस्तूल आत सरकवलं. नियम असा की हत्यार हातात आलं की आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं. वहिनीनं स्लाइड ओढली.

ती आली, पण जड आली. सोडल्यावर पुढे गेली, पण खट् असा आवाज झाला नाही. झोपमोड झालेलं माणूस कूस बदलतं तशी गेली.

तिला वाटलं, आपलीच बोटं गारठली असतील. तिनं हात शेगडीवर धरले, पिस्तूल शेजारी टेबलावर ठेवलं, शिपायाची सही घेतली. पुन्हा स्लाइड ओढली तर लोण्यातून सुरी.

"दुसरं द्या," ती म्हणाली.

दुसरा शिपाई पट्टा सोडत होता. "चहा मिळेल का वहिनी, आधी?"

"आधी पिस्तूल द्या हो!"

दुसऱ्याचंही तसंच. तिनं ते शेगडीकडे नेलं नाही. झरोक्याबाहेर, गारठ्यातच हात काढून धरलं आणि तिथेच स्लाइड पुन्हा ओढली. पुन्हा तीच जड, सुस्त चाल. शिपाई तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय झालं वहिनी? रंग उडाला तुमचा."

ती टेबलाकडे वळली. पिवळ्या डब्यातलं ज्वारीच्या दाण्याएवढं वंगण बोटावर घेतलं, खिडकीच्या काचेला बाहेरून लावलं, आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. मग नखानं टोकरून पाहिलं. थिजलं होतं. मेणबत्तीच्या ओघळासारखं पांढुरकं, घट्ट. नखावर आलेला कण आत आणून शेगडीजवळ धरला तर मऊ होऊन पसरला, जणू काही झालंच नव्हतं.

थंडी पडल्यापासून तीन आठवडे ती सगळ्या हत्यारांना हेच लावत होती, आणि प्रत्येक हत्यार शेगडीजवळ तपासत होती. शेगडीजवळ सगळीच हत्यारं निर्दोष होती. सोमवारी बाकीच्यांची पिस्तुलं इथूनच, ऊबदार अशी मैदानावर गेली होती; ठकू तेवढी पहाटेच्या पहाऱ्यावरून थेट गेली होती.

तिनं मामांची वही काढली. वाचायची गरज नव्हती, पाठ होतं, तरी काढली. मामांच्या तिरप्या अक्षरात एकच ओळ: *थंडी पडली की वंगण पातळ लावावे.* तसंच तर केलं होतं तिनं! गारठा वाढला तसा थर कमी केला. आधी बोटभर, मग नखभर, मग नुसता हात फिरवल्यासारखा. पातळ, अजून पातळ. त्याहून पातळ लावायचं म्हणजे लावायचंच नाही.

मामांना विचारायला जायचं तिनं आजवर टाळलं होतं. कारण असं की पहिल्याच महिन्यात तिनं कुणाला तरी म्हणताना ऐकलं होतं, "वहिनीचं डोकं मामांच्या घरी ठेवलेलं असतं, लागलं की जाऊन आणते." त्या दिवसापासून ती मामांकडे गेली की फक्त तब्येतीचं विचारी. आज तिनं शस्त्रागाराला कुलूप घातलं, किल्ली पहाऱ्यावरच्या जमादाराकडे दिली आणि जवळजवळ पळत गेली.

मामा खिडकीपाशी घोंगडी पांघरून बसले होते. एकतीस वर्षं मैदानाशेजारी काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान कामातून गेलेले.

"मामा, थंडीत वंगण कसं लावायचं?"

"अंगण? तुझ्या मामीनं झाडलं की सकाळीच."

"वंगण! पिस्तुलाचं वंगण!"

"हां, वंगण. पातळ लावायचं. वहीत लिहिलंय ना."

"पातळच लावलं!"

"मग झालं तर."

"कसलं झालं? थिजतंय! स्लाइड अडते!"

"मग पातळ लाव!"

"अजून किती पातळ लावू, मामा? थर दिसेनासा झालाय!"

"थर?" मामांनी घोंगडी बाजूला सारली. "थराचं कुणी विचारलं तुला? पातळ म्हणजे पातळ!"

"अहो पातळच म्हणतेय मी!"

स्वयंपाकघरातून मामी बाहेर आली, हातात दुधाचं पातेलं तसंच. "गप्प बसा दोघं. शेजारच्यांना वाटेल इस्टेटीचं भांडण चाललंय." तिनं पातेलं स्टुलावर ठेवलं. "किती वेळ ऐकतेय. दोघं एकच शब्द ओरडताय आणि दोघांचं जमत नाहीये. इकडे बघ पोरी. ही वर आलीय ती काय?"

"साय."

"जाड की पातळ?"

"पातळ."

"आणि खालचं दूध?"

"तेही पातळ..."

"मग साय कितीही पातळ असली तरी वाहते का गं?"

वहिनी उभी होती ती खाली बसली. मामी चमच्यानं साय बाजूला करत होती. साय सुरकुतली, गोळा झाली, आणि तिच्याखालून दूध पातेल्याच्या कडेशी लगबगीनं धावलं.

थर पातळ नाही. वंगणच पातळ. डबा नाही, बाटली. त्या काचेच्या बाटलीतलं तेल गंज पुसायचं असतं असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

मामी मामांच्या कानाशी गेली आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मामांचा चेहरा हळूहळू बदलला.

"उन्हाळ्यात डबा," ते सावकाश म्हणाले. "कारण उन्हात तेल टिकत नाही, गळून जातं, उडून जातं. पाणी गोठायला लागलं की बाटली. हे मी... हे मी तुला सांगितलं नाही?"

"तुम्ही उन्हाळ्यात शिकवलंत, मामा."

"'थेंब' म्हटलंय की ओवीत! डब्यातल्या त्या लगद्याचा कधी थेंब होतो का?"

"उन्हाळ्यात तुम्हीच ओवी म्हणत म्हणत डब्यातलं लावलंत. मला वाटलं, ओवीत बसावा म्हणून थेंब."

मामी हसली. मामा हसले नाहीत. ते घोंगडीच्या दशा ओढत बसले. "ती वही मी माझ्यासाठीच लिहिली होती," ते म्हणाले. "आणि मला माझं कळत होतं. 'पातळ वंगण लावावे' एवढं लिहायला काय झालं होतं मला! एक शब्द इकडचा तिकडे." मग एकदम मान वर करून त्यांनी तिचा हात धरला. "पोरी, कुणाला काही झालं का? ऐन वेळी कुणाचं अडकलं?"

"नाही, मामा. परीक्षेतच अडकलं. आपल्या ठकूचं."

"नक्की?"

"नक्की."

मामांनी तिचा हात सोडला नाही. मामीनं दूध कपांत ओतलं आणि एक कप मामांच्या दुसऱ्या हातात दिला.

साहेबांच्या टेबलासमोर वहिनीनं सोमवारचा कागद ठेवला. "हा रकाना चुकलाय, साहेब. शस्त्र निर्दोष नव्हतं. मी चुकीचं वंगण लावलं होतं." आणि सगळं सांगितलं. शेगडीचं, काचेचं, वहीतल्या ओळीचं. सायीचं सांगावं की नाही याचा विचार केला, आणि तेही सांगितलं.

साहेबांनी कागद हातात घेतला. "किती हत्यारांना लावलंत?"

"चाळीस. सगळ्यांना."

"आणि तीन आठवडे ती गस्तीवर फिरतायत."

"हो साहेब."

"कुणाला पिस्तूल काढावं लागलं?"

"मी येताना तीन आठवड्यांची नोंदवही बघून आले. कुणालाही नाही."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि टाळूवरून हात फिरवला. त्यांचं टक्कल इतक्या जवळून तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मोठ्या सुस्काऱ्यासरशी ते खुर्चीत मागे रेलले.

"तुम्हाला ताकीद मिळेल," ते म्हणाले. "लेखी."

"हो साहेब."

"आणि हे तुम्ही येऊन सांगितलंत, तेही मी लेखी देईन. एकाच पाकिटात घालतो." मग थोडं थांबून, "पण शुक्रवारची परीक्षा रद्द नाही करता येणार. मनगटाचा शेरा वर गेलाय. तो कागदानं नाही पुसला जायचा, गोळ्यांनीच पुसावा लागेल."

ठकूला सांगायला ती गेली तेव्हा ठकू कपड्यांच्या दोरीखाली किटली धरून उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. किटली काही खाली ठेवली नाही.

"वहिनी, खरं सांग. माझ्यासाठी तू स्वतःवर घेतलंस ना?"

"मी एवढी चांगली आहे होय गं?"

"नाहीस. म्हणूनच शंका आली."

"अगं भवाने, मला ताकीद मिळतेय! उद्या गल्लीत म्हणतील, भावजयीनं नणंदेचा बरोबर काटा काढला, तोही सरकारी डब्यातलं वंगण लावून. एवढी बदनामी मी फुकट विकत घेईन?"

ठकूच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण डोळे तसेच राहिले. तेव्हा वहिनीनं तिचा हात धरला आणि तिला तशीच शस्त्रागाराच्या खिडकीपाशी नेली. काचेवर डब्यातलं वंगण अजून चिकटून होतं. त्याच्या शेजारी तिनं बाटलीतला एक थेंब सोडला. थेंब क्षणभर थांबला, मग काचेवरून खाली निघाला, न थबकता, एक ओली चकचकीत वाट मागे ठेवत.

"बोट लाव," वहिनी म्हणाली.

ठकूनं आधी थेंबाच्या वाटेवर बोट फिरवलं. मग त्या पांढुरक्या खड्यावर. तो तिनं नखानं दाबला, पुन्हा दाबला. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली, आणि तिच्या डाव्या हातातली किटली हळूहळू खाली जमिनीवर टेकली.

"म्हणजे हे माझ्या..." ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही.

गुरुवारचा सबंध दिवस वहिनीचा चाळीस पिस्तुलांत गेला. गस्तीवरची आधी घेतली, मग बाकीची. एकेक खोलून, गरम साबणाच्या पाण्यानं जुना चिकटा धुऊन, चिंधीनं कोरडी करून, शेगडीपासून लांब मांडून ठेवली. मग बाटली. तिनं सुईच्या टोकावर थेंब घेतला. एका रुळाला एक, असे चार. नळीच्या पाठीवर ओलं बोट, नुसतं फिरवून काढलेलं. चापाच्या दांडीला जिथे घासून चमक आली होती तिथे अर्धा. जास्त झालं तर चिंधी. टाचणीच्या घराला काडीवरचा कापूस, कोरडा. चाळिसाव्यापर्यंत पोचेतो ती ओवी मोठ्यानं म्हणत होती आणि झरोक्यापाशी दोघं शिपाई उभे होते, तरी ती खोकली नाही. प्रत्येक पिस्तूल जोडून झालं की ते बाहेरच्या ओसरीत, गजांच्या कपाटात तासभर ठेवायचं आणि तिथेच, गारठ्यातच, स्लाइड ओढून बघायची. खट्. खट्. खट्. चाळीस वेळा खट्, आणि प्रत्येक वेळी तिच्या पाठीवरचं काहीतरी थोडंसं उतरे.

मामांच्या वहीत तिनं काही खोडलं नाही. त्या ओळीखाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं: *म्हणजे बाटलीतले. डबा कपाटात.*

शुक्रवारी मैदानावर गवत पांढरं होतं. पाय पडला की चुरचुर वाजे. साहेबांनी मुद्दाम सगळ्यात गार वेळ निवडली होती. पिस्तूल तासभर उघड्यावर ठेवलेलं. कुंपणापाशी वहिनी उभी होती, आणि तिच्याशेजारी मामा, घोंगडीसकट.

"तुम्हाला ऐकू येणार नाही, मामा. कशाला आलात?"

"पुंगळी उडताना दिसते की," मामा म्हणाले.

तीस गोळ्या होत्या. दहा दहाची तीन मॅगझिनं. ठकूनं पाय रोवले, हात लांब केले. पहिली गोळी सुटली आणि पुंगळी उजवीकडे उडाली, सकाळच्या उन्हात चमकून गवतावर पडली. तिथून इवलीशी वाफ वर आली. दुसरी. तिसरी. सोमवारी तीनदा अडकलं होतं, म्हणून वहिनीनं तीनपर्यंत श्वास धरून ठेवला होता. तिसरीही उडाली. मामांनी घोंगडीतून बोटं बाहेर काढली आणि एकेक मुडपून मोजू लागले.

पहिलं मॅगझिन संपलं. दुसरं लागलं. सात झाल्या, आठवी झाली, आणि ठकूचे खांदे किंचित वर उचलले गेले, मान ताठ झाली. वहिनीनं कुंपणावरून पुढे झुकून पाहिलं. अडकलं? पण नववी सुटली, दहावी सुटली. तिसरं मॅगझिन लागलं. ठकू खांब झाल्यासारखी उभी होती. दहाच्या दहा. शेवटची पुंगळी पडली आणि स्लाइड मागेच थांबली, हत्यार रिकामं झालं की थांबते तशी. ठकूनं पिस्तूल तपासून टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

साहेब लक्ष्य बघून आले. चालण्यात घाई नव्हती. "पुंगळ्या गोळा करा," म्हणाले.

एकोणतीस सापडल्या. तिसावी काही सापडेना. दोघं शिपाई वाकून गवत चाळत होते, वहिनी कुंपण ओलांडून आली, साहेबसुद्धा बुटाच्या टोकानं दहिवर बाजूला सारू लागले. ठकू हलली नाही. तिचं तोंड लालबुंद झालं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"ठकू, तूही बघ की गं," वहिनी म्हणाली.

"मला माहीत आहे कुठे आहे ती."

"कुठे?"

"कॉलरमध्ये. मानेला चिकटलीय."

साहेब सरळ झाले. "कधीपासून?"

"अठराव्या गोळीपासून, साहेब."

"तापलेली पुंगळी मानेवर घेऊन तू पुढच्या बारा गोळ्या मारल्यास?"

"हलले असते तर तुम्ही मनगट म्हणाला असता ना, साहेब."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, साहेबही, आणि मामांना काय झालं ते कळलं नाही तरी तेही हसले. साहेबांनी खिशातून परीक्षेच्या कागदाची आपली प्रत काढली, सोमवारच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि तिथेच, उभ्या उभ्या, आजची सही केली. "उद्याची यादी मीच लिहितो," ते म्हणाले, आणि शिपायांना घेऊन निघून गेले.

वहिनीनं ठकूची कॉलर उघडली. पुंगळी तिच्या तळहातावर पडली, अजून कोमट. मानेवर बोराएवढा लाल डाग उठला होता. वहिनीनं वाकून गवतावरचं मूठभर दहिवर खरवडलं आणि त्या डागावर हलकेच दाबून धरलं. ठकूच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि त्यासरशी तिचे खांदे खाली आले.

तेव्हाच तिचे हात थरथरू लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग कोपरापर्यंत. तिनं दोन्ही हात समोर धरून पाहिले आणि घाबरून वहिनीकडे बघितलं.

"थरथरू दे," वहिनी म्हणाली. "आता कुणी बघत नाहीये."

ठकू हात तसेच समोर धरून उभी राहिली. वितळलेल्या दहिवराचं पाणी तिच्या पाठीवरून खाली उतरत होतं, आणि ती हसत होती.